घराच्या आधीचा श्वास

थॉर्नशॉ, यॉर्कशायर
९ फेब्रुवारी १९६४

चि. गॉर्डन यास, थॉर्नशॉहून विनीचे आशीर्वाद आणि पाठीत एक हलका गुद्दा. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लंडनला जाऊन महिना झाला नाही तोच नाव बदललंस हे वाचून मी चहा सांडला. गॉर्डन हिंचक्लिफ हे नाव जाहिरातीच्या कागदावर मावत नाही, म्हणून तुझ्या त्या मॅनेजरने तुझं डीन सॅफायर करून टाकलं म्हणतोस. मावत नव्हतं तर कागद मोठा घ्यायचा. आपल्या आजोबांचं नाव एबेनेझर होतं आणि ते थडग्याच्या दगडावरही नीट मावलं. गिरणीत आमच्या रफूच्या खोलीत मी ही बातमी सांगितली, तर बायका हसता हसता सुया टोचून घ्यायला लागल्या. एकीने विचारलं की सॅफायर म्हणजे निळं रत्न ना, मग पोरगं थंडीने निळं पडलंय म्हणून ठेवलं का हे नाव.

बाबांचं विचारलं आहेस. सत्तावीस वर्षं गावच्या पितळी बँडपुढे काठी हलवणाऱ्या माणसाचा मुलगा आपलं पितळी कॉर्नेट पलंगावर ठेवून गिटार घेऊन गाडीत बसतो, तेव्हा त्या माणसाची जी गत होईल तीच त्यांची आहे. कॉर्नेट त्यांनी पुसून पेटीत ठेवलं. बोलले काही नाहीत. आई असती तर तिने त्यांना बोलतं केलं असतं. मला ते जमत नाही. शेवटी रविवारी जेवताना मीच विषय काढला.

म्हणाले की माझी गाण्याला हरकत नाही, गिटारलाही नाही, पण हा मुलगा आठ वर्षांचा असल्यापासून चुकीच्या जागी श्वास घेतो. ओळ संपत आली की शेवटच्या सुराच्या अगदी तोंडाशी थांबतो आणि हवा भरतो. दारापर्यंत येऊन कडी वाजवायच्या आधी माघारी वळावं तसं. श्वास कुठे घ्यायचा हे शिकला की मी त्याचं गाणं ऐकेन, तोवर नाही. एवढं बोलून त्यांनी बटाटा मागितला. तू त्यांना ओळखतोस. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तेव्हा श्वास घ्यायला शीक. आणि लोकरीचा बनियन घाल. माझा लोभ आहेच, पण तो गॉर्डनवर. त्या दुसऱ्या गृहस्थाला मी ओळखत नाही.
तुझी विनी

लंडन
१८ ऑक्टोबर १९६४

ती. विनीताईस, कंबर लवते तेवढं लवून नमस्कार. वि. वि.

तुला कळवायला आनंद होतो की तुझा भाऊ आता एका बँडचा पुढारी आहे. नाव 'द लँटर्न्स'. आम्ही सहाजण आहोत. गिटार, ढोल, ट्रंपेट, सॅक्सोफोन, लायोनेल नावाचा एक ट्रॉम्बोनवाला, आणि मी. पितळेची वाद्यं कशाला घेतलीस असं मॅनेजरने विचारलं. मी म्हटलं की त्यांच्याशिवाय मला झोप लागत नाही. खरं म्हणजे बाबांच्या हाताखाली वाढलेल्या माणसाला नुसत्या गिटारा ऐकल्या की मीठ नसलेलं खाल्ल्यासारखं वाटतं, पण हे त्यांना सांगू नकोस.

आमचे कोट जांभळे आहेत. फिकट जांभळे, लॅव्हेंडरच्या फुलासारखे. हसून घे, मी थांबतो. लायोनेल रोज उशिरा येतो आणि रोज नवीन कारण आणतो. कालचं कारण असं की त्याच्या घरमालकिणीचा पोपट मेला. गेल्या महिन्यात हाच पोपट आजारी होता, तेव्हा निदान गोष्ट पुढे सरकते आहे.

गाणी मी व्हॅनच्या मागच्या बाजूला ढोलावर कागद ठेवून लिहितो. नाचाच्या हॉलमध्ये लोक दुसऱ्यांचीच गाणी मागतात, तरी एखादं माझं मधे घुसवतो. बाबांना एवढं सांग की मी पाठीवर झोपून पोटावर जाड पुस्तक ठेवून श्वासाचा सराव करतो. पुस्तक वर जातं, खाली येतं, मग मी झोपून जातो.

पत्र पाठवत राहा. तुझ्या शिव्यांवर माझा जीव आहे.
तुझा गॉर्डन (पुढारी)

थॉर्नशॉ
२० नोव्हेंबर १९६६

चि. बँडपुढारी यास विनीचे आशीर्वाद, या खेपेला गुद्दा माफ. वि. वि.

अरे, ऐकलं. मंगळवारी संध्याकाळी रेडिओवर ऐकलं. मी उभ्याउभ्या इस्त्री करत होते, निवेदकाने तुझं ते चकचकीत नाव घेतलं आणि 'चढावरचं घर' सुरू झालं. बाबांच्या चांगल्या सदऱ्यावर इस्त्रीचा डाग पडला आहे, त्याचे पैसे तू पाठव. काय सुंदर गाणं केलंस रे. गिरणीवरून आपल्या गल्लीत वर येणारा रस्ता, तो वळणावरचा दिवा, सगळं आलंय. मी रडले, हे आत्ताच लिहून टाकते म्हणजे पुन्हा विचारायला नको. बुधवारी गिरणीत सगळ्या जणी तेच गुणगुणत होत्या, आणि निळ्या पडलेल्या पोराची चेष्टा करणारी बाई आता सांगत फिरते की तिनेच तुला लहानपणी कडेवर घेतलं होतं.

आता बाबा. ते खुर्चीत होते. निवेदकाने नाव घेतल्याबरोबर उठले, टोपी घातली, मोझेसच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि बाहेर पडले. त्या दिवशी कुत्र्याला आधीच दोनदा फिरवून झालं होतं. तो बिचारा शेकोटीपुढे पसरला होता, त्याने माझ्याकडे असं बघितलं की यात माझा काय गुन्हा. गाणं संपल्यावर बऱ्याच वेळाने दोघे परत आले. बाबा म्हणाले की मोझेसला जायचं होतं.

म्हणजे बाबांचा निरोप असा: निरोप नाही. माझा मात्र लोभ इस्त्रीइतका गरम आहे.
तुझी विनी

लंडन
१२ डिसेंबर १९६६

ती. विनीताईस, टीव्हीतून नमस्कार. वि. वि.

पाहिलंस का? शनिवारी आम्ही टीव्हीवर होतो. कोट जांभळे होते हे तुम्हाला कळलं नसेल, कारण पडदा काळापांढरा. विक्रीच्या यादीत गाणं चढत चाललंय. मॅनेजर मला आता जेवायला नेतो आणि पैसेही तोच देतो, यावरून परिस्थिती समजून घे.

तबकडी पाठवतो आहे. बाबांसाठी. वर सही गॉर्डन अशीच केली आहे. त्या एका जागेकडे लक्ष दे म्हणावं, दुसऱ्या ओळीच्या शेवटी, 'घर' म्हणायच्या आधी. तिथे मी अजूनही थांबतो. ध्वनिमुद्रणाच्या वेळी अकरा वेळा प्रयत्न केला. छाती भरून निघतो, चढ चढतो, आणि घर समोर दिसलं की श्वास संपतो. शेवटी मुद्रण करणारा म्हणाला की राहू दे, तेच छान वाटतं. त्याला काय ठाऊक.

ताई, चेष्टा बाजूला ठेवून विचारतो. त्यांनी ऐकलं का? सगळ्या देशाने ऐकलं तरी त्यांनी ऐकल्याशिवाय माझं गाणं पुरं झालं असं मला वाटत नाही.

नाताळासाठी तुझ्या हातचा आल्याचा पार्किन केक पाठव, आणि जमल्यास बाबांचा एखादा शब्द त्यात गुंडाळून.
तुझा गॉर्डन

थॉर्नशॉ
८ जानेवारी १९६७

चि. गॉर्डन यास विनीचे नव्या वर्षाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं गाणं जसजसं वर जातंय, तसतसा मोझेस खाली येतोय. अंगावर मांस उरलेलं नाही. आधीच शर्यतीच्या जातीचा बारीक कुत्रा, त्यात दिवसातून चारचारदा रपेट. रेडिओवर डीन सॅफायर हे शब्द आले की तो आता बाबांच्याही आधी उठतो आणि दाराशी जाऊन उभा राहतो. आपल्या घरात तुझं ते नाव मान्य केलं ते फक्त कुत्र्याने.

तबकडी बाबांनी उलटसुलट करून पाहिली. सही वाचली. मग आईच्या चांगल्या टेबलक्लॉथच्या कप्प्यात ठेवून दिली. घरात ती वाजवायला यंत्र नाही, आणि आणू का म्हटलं तर म्हणाले की इथे बँडच्या फुटक्या ढोलाला कातडं मिळत नाही आणि तुला चैनी सुचतात. तू रागावू नकोस. त्यांना तुझा तिरस्कार असता तर तबकडी कोळशाच्या खोलीत गेली असती. आईच्या टेबलक्लॉथशेजारी आपल्या घरात कोण काय ठेवतं, हे तुला माहीत आहे.

पण ऐकलं का, याचं उत्तर अजून नाही असंच आहे. खोटं लिहायला मला जमत नाही.

केक पोस्टात मोडला असेल तर चमच्याने खा. लोभ मोडलेला नाही.
तुझी विनी

क्लीथॉर्प्स, समुद्रकिनारा
२३ ऑगस्ट १९७०

ती. विनीताईस, खाऱ्या वाऱ्यातून नमस्कार. वि. वि.

तू बरेच दिवस विचारते आहेस की पत्रं का नाहीत. काय लिहू? आम्ही इथे समुद्रात बांधलेल्या लाकडी धक्क्यावरच्या थिएटरात उन्हाळाभर वाजवतो. आमच्या आधी एक विनोदी गृहस्थ असतो आणि आमच्यानंतर सायकल चालवणारे कुत्रे. कुत्र्यांना टाळ्या जास्त पडतात. मोझेसला सांग, त्याच्या जातीला इथे भवितव्य आहे.

'चढावरचं घर'नंतर मी चाळीसएक गाणी केली, त्यातली सहा तबकड्यांवर आली आणि एकही चाललं नाही. मॅनेजरचं जेवण कधीच बंद झालं. कोट पोटाशी उसवून मोठे केले आहेत. लोक रोज तेच एक गाणं मागतात, मी रोज गातो, आणि रोज त्याच जागी थांबतो. पुढच्या उन्हाळ्यानंतर बँड मोडावा असं मनात आहे. लायोनेलला सांगणार होतो, पण तो आला नाही. पोपट पुन्हा मेला असावा.

मला याचं फार वाईट वाटत नाही, खरंच. नाचायला लोक आले, नाचले, घरी गेले. आणखी काय हवं असतं. एकच गोष्ट टोचते. मी सगळ्या इंग्लंडला ऐकवलं आणि ज्यांच्यासाठी केलं त्यांना ऐकवता आलं नाही. एकदा ऐकून वाईट आहे म्हणाले असते तरी चाललं असतं. गाणं सोडायच्या आधी तेवढं एकदा व्हावं.

असो. किनाऱ्यावरचे तळलेले मासे चांगले आहेत. आपल्या गल्लीतल्या बोमाँटबाईंच्या दुकानासारखे नाहीत, हे त्यांना जरूर कळव.
तुझा गॉर्डन

थॉर्नशॉ
२ मे १९७१

चि. गॉर्डन यास विनीचे आशीर्वाद. हे पत्र वाचून जाळ. वि. वि.

बाबांनी मार्चात काठी खाली ठेवली. डॉक्टर म्हणाले की गिरणीतल्या लोकरीच्या धुळीने छाती भरली आहे; यापुढे कॉर्नेट फुंकायचं नाही, हात हलवणंही बेतानं. घाबरू नकोस. जेवतात, भांडतात, नव्या दशमान नाण्यांना शिव्या देतात, मोझेसला फिरवतात. पण बँडच्या खोलीवरून जाताना रस्ता ओलांडून पलीकडून जातात. मला ते बघवत नाही.

आता खाली बस आणि नीट वाच. व्हिटच्या सणातल्या शुक्रवारी, ४ जूनला, हॅरोबँकच्या बँडस्पर्धेला त्यांना परीक्षक म्हणून बोलावलं आहे. परीक्षकाला कसं ठेवतात ते तू लंडनच्या पाण्याने विसरला नसशील. शाळेच्या पटांगणात कॅरव्हान उभी करतात, खिडक्यांचे पडदे घट्ट ओढून पिना लावतात, आणि दुपारीच माणसाला आत घालतात. दाराशी समितीचा कारभारी बसतो. आत चहाची किटली, सँडविच, पेन्सिल, शिट्टी, आणि सभ्य माणसं जिचं नाव काढत नाहीत ती बादली. कोणता बँड आलाय हे परीक्षकाला कळता कामा नये. त्याने शिट्टी वाजवली की बँडने वाजवायचं, आणि शेवटचा बँड होईपर्यंत त्याने बाहेर यायचं नाही.

थोडक्यात, त्या संध्याकाळी आपल्या बाबांना कुत्रा फिरवायला जाता येणार नाही.

आपला गावचा बँड त्यांच्यापुढे वाजवणार नाही, घरच्याच परीक्षकापुढे वाजवणं बरं दिसत नाही. पण त्या दिवशी कुठलेही हौशी बँड येतात, हे तुला ठाऊक आहे. 'मेंढा' पबच्या नावाने एक बँड मी नोंदवला आहे. आपल्याकडचे काही म्हातारे वादक, काही नवीन मुली आणि मी माझं टेनर हॉर्न घेऊन. पुढारी नाही. 'चढावरचं घर'वरून बँडने चालत वाजवायचा मार्च करून आण आणि पुढे उभा राहून कॉर्नेट वाजव. तुझे पितळवाले असतील ते घेऊन ये.

याला फसवणूक म्हणू नकोस. आपल्याला बक्षीस नकोय. त्यांनी एकदा बसून ऐकावं एवढंच हवंय, आणि बसवायला कॅरव्हानवाचून दुसरा उपाय मला सात वर्षांत सापडलेला नाही.

हो म्हणून कळव. नाही म्हणालास तर लोभ आटला समज.
तुझी विनी

क्लीथॉर्प्स
११ मे १९७१

ती. विनीताई नावाच्या कारस्थानी बाईस, घाबरत घाबरत नमस्कार. वि. वि.

हो. हे आधी लिहितो, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

ओठ लोण्यासारखे मऊ पडले आहेत. उधार कॉर्नेट आणून खोलीत वाजवायला लागलो, तर घरमालकीण वर येऊन म्हणाली की गाय आणायची परवानगी मी कुणालाच देत नाही. आता किनाऱ्यावर ओहोटी असली की दूर चालत जातो आणि तिकडे वाजवतो. समुद्रपक्षी आधी उडून जायचे, आता थांबतात.

मार्च केला आहे. रात्री लँटर्न्सना सगळं सांगितलं. मला वाटलं हसतील. हसलेच, पण सगळे येतो म्हणाले. ढोलवाला मोठा ढोल गळ्यात अडकवणार. गिटारवाल्याला पितळेचं काहीच येत नाही, त्याला झांजा देऊ. कोट मात्र जांभळेच, दुसरे नाहीत. शनिवारी दुपारी इथे कार्यक्रम आहे, म्हणून वाजवून झालं की आम्हाला निघावं लागेल. निकालाला थांबता येणार नाही. खरं सांगू? ते बरंच आहे. कॅरव्हानचं दार उघडेल तेव्हा समोर उभं राहायची माझी छाती नाही.

ताई, त्या एका जागेचं काय करू? तिथे श्वास न घेता अजून एकदाही जमलेलं नाही.
तुझा गॉर्डन

क्लीथॉर्प्स
५ जून १९७१

प्रिय ताई, नमस्कार. वि. वि.

व्हॅनमध्ये सगळे झोपले होते, मी जागा होतो. तुझ्याशी धड बोलताही आलं नाही, म्हणून लिहितो.

हॅरोबँकच्या उतारावरून आपण वळलो तेव्हा जांभळे कोट बघून लोक हसले, ते तू ऐकलंसच. एका म्हातारीने विचारलं की हे आइस्क्रीमवाले आहेत का. मग पटांगण आलं. ते ओढलेले पडदे बघितले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. कॉर्नेट वाजवणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं की काय होतं, हे तुला सांगायला नको. आत माझा बाप बसला होता, दहा पावलांवर, आणि आमच्यामध्ये फक्त एक फुलाफुलांचं कापड. शिट्टी वाजली. दुसरी वाट नव्हती.

तू मागे होतीस, तुला ऐकू आलं असेल. पहिली ओळ ठीक गेली. दुसऱ्या ओळीला मी मनाशी म्हटलं की मरेन पण थांबणार नाही. आणि थांबलो. त्याच जागी. माझं पोट, माझी छाती, सगळंच बाबांच्या शिकवणीविरुद्ध गेलं. शेवटपर्यंत वाजवलं, लायोनेल एक ठेका उशिरा आला, झांजा भलत्याच ठिकाणी वाजल्या, आणि आपण बाजूला झालो.

मग तू पाहिलंस का? पुढचा बँड उभा राहिला तरी शिट्टी वाजेना. कारभाऱ्याने वाट बघितली, दार ठोठावलं, कान लावला. शेवटी वाजली, अगदी बारीक. मला वाटलं, रागाने पेन्सिल मोडली असेल त्यांनी. मी लगेच व्हॅनमध्ये जाऊन बसलो. मी भित्रा आहे, हे तुला माहीत आहेच.

निकाल कळव. खरा कळव.
तुझा गॉर्डन

थॉर्नशॉ
७ जून १९७१

चि. गॉर्डन यास विनीचे आशीर्वाद. लायोनेललाही, त्याला उशिरा पोचले तरी चालतील. वि. वि.

आधी निकाल. 'मेंढा' पबचा बँड शेवटून दुसरा आला. शेवटचा आला तो कॉलेजच्या मुलांचा, ते पाण्यात पोहायच्या कपड्यांत आले होते आणि त्यांच्या ट्यूबाच्या भोंग्यात बिअर होती. तेव्हा छाती फुगवायला फारसा वाव नाही.

बाबा कॅरव्हानमधून उतरले, निकाल वाचला, सगळ्यांशी हात मिळवले. माझ्या हातात हॉर्न होतं तरी काही विचारलं नाही. घरी आल्यावर थंडी वाजते म्हणाले आणि झोपले. शनिवारी अवाक्षर नाही. मला वाटलं सगळं मुसळ केरात.

आता रविवारची गोष्ट ऐक. बाबा वर अंथरुणात होते. दुपारी रेडिओवर लोकांच्या आवडीची जुनी गाणी लागतात, मी बटाटे सोलत होते. निवेदक कुणाकुणाच्या शुभेच्छा वाचत होता आणि मधेच म्हणाला की यानंतर डीन सॅफायर. मोझेस म्हातारा झालाय, जेवायलाही सावकाश उठतो. पण तो उठला, पट्टा तोंडात धरून दाराशी गेला. बाबा नव्हते, म्हणून माझ्याकडे बघत राहिला. मला दया आली. म्हटलं चल.

मी त्याला माळाकडे वळवत होते, तिकडेच ते रोज जातात अशी माझी समजूत. त्याने ऐकलं नाही. मला ओढत गल्लीच्या टोकाला नेलं, बोमाँटबाईंच्या दुकानामागच्या बोळात, थेट त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली. तिथे भिंतीला टेकून एक उलटा कोळशाचा डबा आहे. मोझेस त्या डब्याशेजारी बसला. रोजच्या जागेवर बसावं तसा. वरती खिडकीत रेडिओ चालू होता आणि तू गात होतास.

बोमाँटबाईंनी बाहेर न बघताच, बाबाच आलेत असं समजून, पडद्यामागून सांगितलं की एनॉक, आज तरी आत येऊन खुर्चीवर बस, किती वर्षं त्या डब्यावर बसून ऐकणार आहेस, मुलगा तुझाच आहे की नाही.

मी डब्यावर बसले आणि तुझं गाणं पूर्ण ऐकलं. गॉर्डन, मी सात वर्षं तुला पत्रातून कळवत आले की ते ऐकत नाहीत. खरी गोष्ट घरात एका कुत्र्याला ठाऊक होती.

घरी येऊन मी त्यांना सूप नेऊन दिलं आणि बोमाँटबाईंनी नमस्कार सांगितलाय म्हटलं. ते बराच वेळ चमचा हलवत राहिले. मग म्हणाले, शाई आहे का घरात.

लोभ, आज जरा ओला आहे.
तुझी विनी

थॉर्नशॉ
८ जून १९७१

चि. गॉर्डन यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही. परंतु स्पर्धकाला निकालाची कारणं सांगण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो.

मार्च बरा आहे. मधला भाग लांबला. ट्रॉम्बोनवाल्याला घड्याळ घेऊन दे. मोठा ढोल वाजवणारा माणूस चांगला आहे, तो आपल्या गावच्या बँडला चालेल. झांजांबद्दल मी काही लिहीत नाही. शेवटून दुसरा नंबर दिला तो योग्य होता, त्यात बदल होणार नाही.

बोमाँटबाईंच्या खिडकीचं विनीने कळवलं असेल. ते खरं आहे. घरात बसून ऐकलं असतं तर मी शब्द मोडला असं झालं असतं. बोळात उभं राहिल्यावर जे कानावर पडतं ते ऐकणं धरायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पुढे पाय दुखायला लागले म्हणून डबा घेतला.

शुक्रवारचं सांगतो. तुमचा बँड सुरू झाला तेव्हा मी खुणा करत होतो. दुसऱ्या ओळीच्या शेवटी, घर येतं त्या सुराच्या आधी, कॉर्नेटने श्वास घेतला. तो श्वास मी कुठेही ओळखीन. मी पेन्सिल खाली ठेवली. पुढचं काहीच लिहिलेलं नाही, फक्त ऐकलं. या खेपेला ते ऐकणं धरलं.

तुमचं संपल्यावर पुढच्या बँडसाठी शिट्टी वाजवायची होती. मी ती तोंडाला लावली आणि ती वाजेना. कारभाऱ्याने दार ठोठावलं. मी म्हटलं चहा पितोय. चहा केव्हाच संपला होता. तुला श्वास शिकवायला निघालेल्या माणसाला एक साधी शिट्टी वाजवता आली नाही, हे तुला कळावं असं मला वाटलं.

नाताळात घरोघर वाजवायला आपल्या बँडला एक कॉर्नेट कमी आहे. तुझं पुसून ठेवलं आहे. बँड मोडायचा की नाही ते तुझं तू ठरव. मोडलास तर ढोलवाल्याला इकडे पाठव. कोट विनी नीट करून देईल, रंगाला मात्र इलाज नाही.

त्या जागी श्वास घेतोस तो घेत जा. सोडलास तर पडद्याआडून मी तुला ओळखणार कसा?

माझा लोभ होता, तो मी नीट सांगितला नाही. तुझा असू द्यावा, ही विनंती.
तुझे बाबा